जसे वागाल, तसा शेवट

गोष्ट सांगणारा आणि गोष्ट ऐकणारा यांच्यात पूर्वापार एक करार चालत आला आहे. सांगणाऱ्याने सांगावे आणि ऐकणाऱ्याने हुंकार द्यावा. मधूनच एखादे चौकस मूल विचारते, “पण युधिष्ठिराने फासे हातात घेतलेच नसते तर?” किंवा “कैकेयीने ते दोन वर मागितलेच नसते तर?” सांगणारा हसतो, “मग गोष्टच झाली नसती,” म्हणतो आणि पुढे सरकतो. ऐकणाऱ्याने कितीही जीव पाखडला तरी रामाचा वनवास टळत नाही.

गेल्या चार-पाच दशकांत मात्र गोष्टीचा एक असा प्रकार जन्माला आला आहे, ज्यात या प्रश्नाला ‘बरे, तसे करून पाहा’ असे उत्तर मिळते. नायकाने काय करावे हे ऐकणाराच ठरवितो आणि त्याच्या निवडीप्रमाणे कथेचा शेवट पालटतो. या प्रकाराला ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणजे भूमिका वठविण्याचा खेळ असे म्हणतात. आपल्या घरांतील मुले-नातवंडे संगणकापुढे तासन्‌तास बसलेली असतात, तेव्हा त्यांतील काही जण हेच खेळत असतात. पाठीमागून जाणाऱ्या वडीलधाऱ्यांना पडद्यावर तलवारी, राक्षस आणि धावपळ एवढेच दिसते. त्या धावपळीच्या पोटात कधीकधी एक गंभीर नैतिक प्रश्न दडलेला असतो, याची कल्पना फारच थोड्यांना असते. ती करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मेजावरून यंत्रात

या खेळांचे मूळ संगणकात नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. चार-सहा मित्रांनी मेजाभोवती बसावे, प्रत्येकाने एकेक पात्र घ्यावे आणि त्यांतल्या एकाने सूत्रधार व्हावे, अशी त्याची रीत. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपापल्या पात्राने काय करावे ते बोलून दाखवितात आणि ते साधले की फसले हे फाशांवर ठरते. पुढे संगणक आला आणि सूत्रधाराच्या आसनावर यंत्र जाऊन बसले.

या बदलाने एक गोष्ट मिळाली आणि एक हरवली. यंत्र थकत नाही, कंटाळत नाही, मध्यरात्रीही खेळायला तयार असते. परंतु मानवी सूत्रधाराला जे सहज साधते ते त्याला साधत नाही. खेळाडूने अनपेक्षित काही केले की माणूस तिथल्या तिथे नवा प्रसंग रचतो. यंत्र मात्र त्याच्या पोटात आधी लिहून ठेवलेलेच बाहेर काढू शकते. पुढची सारी अडचण, आणि सारे कौशल्यही, या एका फरकातून उद्भवले आहे.

चांगल्या वागणुकीचे चांगले फळ दाखविणारा खेळ आपल्याला नवा नाही. ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडला गेलेला मोक्षपट हा आपल्या सापशिडीचा पूर्वज. त्यात सद्गुणांच्या शिड्या आहेत, दुर्गुणांचे साप आहेत आणि माथ्यावर मोक्ष आहे. परंतु तेथे शिडी मिळणार की साप गिळणार हे दान ठरविते. खेळणाऱ्याने क्रोध निवडला म्हणून तो खाली घसरत नाही, तर तसे दान पडले म्हणून घसरतो. शिकवण मोठी असली, तरी निवड खेळाडूच्या हाती नाही. भूमिकेच्या खेळांनी नेमकी तीच त्याच्या हाती दिली.

आंधळी विक्रेती

या दिशेने पहिले लक्षणीय पाऊल रिचर्ड गॅरियट या अमेरिकन रचनाकाराने १९८५ साली ‘अल्टिमा ४’ या खेळात टाकले. त्या काळच्या बहुतेक खेळांत शेवटी एक दुष्ट राजा किंवा राक्षस मारायचा असे. गॅरियटने असा शत्रूच ठेवला नाही. सत्य, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, अध्यात्म आणि विनय हे आठ गुण स्वतःच्या ठायी बाणवून ‘अवतार’ व्हायचे, हेच त्या खेळाचे ध्येय होते. ‘अवतार’ हा शब्द त्याने आपल्याकडूनच उचलला.

त्या खेळातला एक साधा प्रसंग आजही सांगितला जातो. जादूसाठी लागणाऱ्या वनस्पती विकणारी एक बाई आंधळी आहे. माल घेतल्यावर किती नाणी द्यायची ती खेळाडूने आपणच मोजून द्यायची. कमी दिली तर ती ओरडत नाही, शिपाई येत नाहीत, पडद्यावर काही चमकतही नाही. परंतु यंत्र मुकाट्याने नोंद ठेवते आणि सत्याच्या वाटेवर खेळाडू तितका मागे पडतो. राजवाड्यातल्या ज्ञानी पुरुषाला विचारावे, तेव्हा कोठे आपण किती पाण्यात आहोत ते कळते. या खेळाला शेवट एकच होता, पण तो तलवारीने जिंकता येत नव्हता, वागणुकीने मिळवावा लागत होता. शेवट पालटणाऱ्या पुढच्या खेळांचे बीज येथे दिसते.

यंत्राची वही

हे सारे घडते कसे? कल्पना करा की यंत्रापाशी एक वही आहे. खेळाडूने भिकाऱ्याला मदत केली, वहीत एक खूण झाली. मित्राला दगा दिला, दुसरी खूण. पुढे एखादे पात्र बोलण्यापूर्वी यंत्र वही उघडते आणि ‘खूण असेल तर हे वाक्य, नसेल तर ते’ एवढेच पाहते. मोठ्या खेळांत अशा हजारो खुणा असतात.

मग प्रत्येक निवडीला वेगळा शेवट का देत नाहीत? याचे उत्तर गणितात आहे. प्रत्येक ठिकाणी दोनच पर्याय ठेवले, तरी दहा निवडींच्या अखेरीस १,०२४ वेगवेगळ्या वाटा होतात आणि वीस निवडींच्या अखेरीस १०,४८,५७६. प्रत्येक वाटेचे संवाद लिहायचे, नटांकडून बोलून घ्यायचे, चित्रे हलती करायची, हे कोणालाही शक्य नाही. त्यातून एका खेळाडूच्या वाट्याला त्यांतली एकच वाट यायची. म्हणून लेखक वाटा फोडतात आणि काही अंतरावर पुन्हा एकत्र आणतात. वेणीचे पेड जसे सुटतात आणि परत गुंफले जातात, तशी ही रचना असते.

शेवट ठरविण्याच्या पद्धतीही निरनिराळ्या आहेत. ‘डेउस एक्स’ या २००० सालच्या खेळात अखेरच्या टप्प्यावर तीन मार्ग पुढे येतात आणि खेळाडू त्यांतला एक उघडपणे पत्करतो. जपानच्या ‘क्रोनो ट्रिगर’मध्ये (१९९५) कथा काळाच्या प्रवासाची असल्याने अंतिम शत्रूला केव्हा गाठले यावर शेवट अवलंबून असतो आणि असे शेवट दहांहून अधिक आहेत. ‘फॉलआउट’ (१९९७) अणुयुद्धानंतरच्या उद्ध्वस्त अमेरिकेत घडते. त्यात शेवटी एक निवेदक गावोगावची हकिकत सांगतो, की या वस्तीचे असे झाले आणि त्या वस्तीचे तसे. खेळाडू ज्या गावातून सहज निघून गेला होता, त्याचेही पुढे काय झाले ते त्याला ऐकावे लागते. ज्या भुयारी वसाहतीला वाचविण्यासाठी त्याने सारी यातायात केली, तिचे दार मात्र त्याच्यासाठी उघडत नाही. बाहेरचे जग पाहून आलेला माणूस आतल्या माणसांना नकोसा होतो. हे शल्य कोणत्याही निवडीने टळत नाही.

एकाच चवीचे केक

खेळाडूंना निवडीचे वचन देऊन ते पाळले नाही, तर काय होते याचेही उदाहरण आहे. कॅनडातील बायोवेअर या संस्थेने ‘मास इफेक्ट’ नावाची अंतराळकथा २००७, २०१० आणि २०१२ अशा तीन भागांत काढली. पहिल्या भागातील निर्णय दुसऱ्यात आणि दुसऱ्यातील तिसऱ्यात नेता येत होते. कोणाला वाचविले, कोणाला गमावले याचा हिशेब पाच वर्षे चालला. परंतु अगदी अखेरीस खेळाडूपुढे मोजके पर्याय आले आणि त्यांतून दिसणारी दृश्ये बव्हंशी सारखीच होती, प्रकाशाचा रंग तेवढा लाल, निळा किंवा हिरवा.

खेळाडू संतापले. काहींनी वर्गणी काढून चारशेच्या आसपास छोटे केक कंपनीकडे पाठविले. वरचे लोण्याचे थर लाल, निळे आणि हिरवे, परंतु चव सगळ्यांची एकच, व्हॅनिलाची! निषेधाची इतकी गोड तऱ्हा क्वचितच पाहायला मिळते. जून २०१२ मध्ये कंपनीने शेवटाची विस्तारलेली आवृत्ती विनामूल्य दिली. माणसाला आपल्या मनासारखाच शेवट हवा असतो असे नाही. आपण जे केले त्याची कोठेतरी दखल घेतली गेली, एवढे मात्र त्याला हवेच असते.

बाप, लेक आणि पाच क्षण

या प्रकारातील सर्वांत परिपक्व उदाहरणांपैकी एक पोलंडमधून आले. आंद्रजेय सापकोव्स्की यांच्या कथा-कादंबऱ्यांवर आधारलेला ‘द विचर ३’ हा खेळ सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेने मे २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. तो प्रौढांसाठी आहे हे आरंभीच सांगितले पाहिजे. युरोपात त्यावर अठरा वर्षांची खूण आहे. त्याचा नायक गेराल्ट हा पैसे घेऊन राक्षसांचा बंदोबस्त करणारा एक रांगडा, मितभाषी माणूस. सिरी ही त्याची मानलेली मुलगी. तिच्या अंगी विलक्षण शक्ती आहे, म्हणून राजे, जादूगारिणी आणि परलोकीचे योद्धे असे सारेच तिच्या मागे लागले आहेत. तिचा जन्मदाता पिता एक सम्राट आहे आणि त्यालाही ती हवी आहे.

अखेरीस सिरीला एकटीने एका सर्वनाशी संकटाला सामोरे जावे लागते. ती परत येईल की नाही, हे गेराल्टच्या तलवारीवर अवलंबून नाही. त्याआधी घडून गेलेल्या, वरवर किरकोळ दिसणाऱ्या पाच प्रसंगांवर ते अवलंबून आहे.

एका वृद्ध गुरूच्या मृत्यूनंतर सिरी खचलेली असते. गेराल्टने तिच्यासमवेत पेला भरून ‘सगळे काही तुलाच जमले पाहिजे असे नाही’ म्हणावे, की तिला बाहेर नेऊन बर्फाचे गोळे फेकत खेळावे? सम्राटाकडे तिला नेले, तर तिला शोधून आणल्याचे इनाम घ्यावे की नाकारावे? जादूगारिणींच्या मंडळापुढे ती बोलायला जाते, तेव्हा बापाने सोबत आत जावे की तिला एकटीने जाऊ द्यावे? आपल्या शिक्षकाने आपल्याला केवळ वापरून घेतले असे वाटून ती त्याच्या प्रयोगशाळेत पेटून उठते, तेव्हा तिला शांत राहायला सांगावे की तिचा राग मोकळा होऊ द्यावा? आणि तिला मदत केल्यामुळे ज्याच्यावर भ्याडपणाचा कलंक लागला, त्या मृत तरुणाच्या थडग्यापाशी तिला क्षणभर थांबायचे असते, तेव्हा ‘वेळ नाही’ म्हणावे की ‘चल’ म्हणावे?

यांपैकी एकाही ठिकाणी ‘हा निर्णय महत्त्वाचा आहे’ अशी पाटी लागत नाही. उलट, समजूतदार वडीलधारा माणूस जे सहज करील, तेच अनेकदा चुकीचे ठरते. सोबत जाणे, शांत कर म्हणणे, घाई करणे यांत वाईट काय आहे? परंतु त्या प्रत्येक कृतीतून मुलीला एकच गोष्ट ऐकू येते, की तुझ्यावर माझा विश्वास नाही. शेवटच्या घटकेला सिरीला हेच क्षण आठवतात. तिला बळ देणाऱ्या क्षणांचे पारडे जड असेल, तर ती जगते. तसे नसेल, तर ती परतत नाही, आणि आपला गेराल्ट दलदलीतल्या एका झोपडीत तिची एक खूण हाती घेऊन बसतो, बाहेर राक्षस जमत असतात आणि त्याला कशाचीच फिकीर उरलेली नसते.

ती जगली, तरी शेवट एक नाही. गेराल्टने तिला सम्राटाकडे नेले असेल आणि राज्याच्या युद्धातही त्याच्या निर्णयांमुळे सम्राटाचा जय झाला असेल, तर ती गादीची वारस होऊन त्याचा निरोप घेते. एरवी ती त्याच्यासारखीच भटकी राक्षसमर्दिनी होते आणि तो तिच्या हाती नवी तलवार देतो. पहिल्या शेवटात जगाचे कदाचित भले होईल, पण बापलेकींची ताटातूट होते. दुसऱ्यात ती सुखी दिसते, पण जगाला मिळू शकणारी एक चांगली राज्यकर्ती हातची जाते. यांतला ‘खरा’ शेवट कोणता यावर आजही वाद होतात.

याच खेळात एका टेकडीखाली कोंडलेल्या आत्म्याची उपकथा आहे. त्याला मुक्त केले तर काही अनाथ मुलांचा जीव वाचतो, परंतु तो एका गावाचा संहार करतो आणि एक आधीच दुभंगलेले कुटुंबही त्यात नष्ट होते. त्याला मारले तर गाव वाचते, त्या कुटुंबाला अंधुकशी आशा उरते आणि मुले मात्र नाहीशी होतात. निर्मळ हातांनी त्यातून बाहेर पडता येत नाही. धर्मसंकट हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. त्याचा अर्थ एखाद्या विशीतल्या मुलाला पडद्यापुढे हात थबकून राहिल्यावर कळत असेल, तर त्याला केवळ करमणूक म्हणून झटकून टाकता येणार नाही.

जो खेळ विसरत नाही

या सर्व खेळांना एक पळवाट आहे. खेळ हव्या त्या ठिकाणी जतन करून ठेवता येतो. निर्णय बाधला, तर मागे जाऊन पुन्हा खेळता येते. मग पश्चात्तापाला अर्थ काय राहिला? ही पळवाटच ज्याने कथेचा विषय केली, तो खेळ म्हणजे टोबी फॉक्स या अमेरिकन तरुणाने बव्हंशी एकट्याने रचलेला ‘अंडरटेल’. तो सप्टेंबर २०१५ मध्ये आला. चित्रे अगदी साधी, जुन्या धाटणीची. एक मूल जमिनीखालच्या राक्षसांच्या जगात पडते. माणसांनीच पूर्वी त्यांना तेथे कोंडले आहे. वाटेत आडव्या येणाऱ्या प्रत्येकाशी लढता येते, किंवा बोलून, थट्टा करून, गोंजारून त्याला सोडूनही देता येते.

आरंभीच टोरिएल नावाची एक मायाळू बाई त्या मुलाला घरी नेते, त्याच्यासाठी गोड पदार्थ भाजते. मूल बाहेर जायचे म्हणते, तेव्हा बाहेरच्या धोक्याच्या भीतीने ती दार अडवून उभी राहते. तिला न मारता पुढे कसे जायचे हे पुष्कळांना पहिल्या खेपेस उमगत नाही. ती मरते. खेळाडू हळहळतो, जतन केलेल्या जागी परत जातो आणि या वेळी धीर धरून तिला वाचवितो. सारे सुरळीत झाले असे वाटते न वाटते, तोच एक कुत्सित फूल पुढे येऊन सांगते, की तू आधी काय केलेस ते मला ठाऊक आहे. यंत्राची वही येथे पुसली जात नाही.

या खेळाला मुख्यतः तीन तऱ्हेचे शेवट आहेत. कोणाला मारले, कोणाला सोडले, तर मधले शेवट. एकालाही न मारता मैत्री केली, तर सर्वांची सुटका होते. आणि शोधून शोधून प्रत्येकाला मारले, तर गावे ओस पडतात, संगीत बेसूर होते आणि अखेर ते जगच नाहीसे होते. त्यानंतर पुन्हा खेळायचे असेल, तर आपला आत्मा देऊन टाकावा लागतो, आणि पुढे कितीही सज्जनपणे खेळले तरी सुखाच्या शेवटावरही त्या कृत्याची सावली पडते. खेळभर पडद्यावर इंग्रजीत ‘लव्ह’ असे लिहिलेला एक आकडा वाढत असतो. ते प्रेम असावे अशी आपली समजूत होते. शेवटाजवळ उलगडा होतो, की ती ‘हिंसेची पातळी’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे आहेत.

गुणांची बेरीज आणि गुण

या प्रकाराच्या मर्यादाही आहेत. काही खेळांत चांगुलपणाचा आकडा उघड दिसतो. मग खेळाडू दया करीत नाही, दयेचे गुण जमवितो. गाईड वाचून परीक्षा द्यावी, तसा तो ‘उत्तम शेवटा’ची कृती वाचून खेळतो. अशा खेळाने कोणी सज्जन होत नाही, आणि क्रूर शेवट पाहणारे मूलही त्यामुळे क्रूर होत नाही. ‘असे केले तर काय होते’ ही जिज्ञासा मुलाला असायचीच. जेथे आकडा लपलेला असतो आणि फळ उशिरा, अनपेक्षित ठिकाणी येते, तेथेच हे खेळ आयुष्याच्या जवळ येतात. बापाने बर्फात घालविलेली पाच मिनिटे पुढे मुलीचा जीव वाचवितील, हे त्याला त्या वेळी कोणी सांगत नाही.

घरातील मूल असा खेळ खेळत असेल, तर ‘किती वेळ झाला?’ या प्रश्नाच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे. ‘तुझ्या गोष्टीचा शेवट काय झाला, आणि तो तसा का झाला?’ पुष्कळदा मूल हातातले यंत्र बाजूला ठेवून सांगू लागते. कोणाला वाचविले, कोणाला वाचविता आले नाही, कोठे चुकले असे वाटते, पुन्हा खेळलो तर काय करीन. वाद होतो, आपले मत निराळे पडते. आपल्या माणसांशी आपल्या भाषेत बरे-वाईट, न्याय-अन्याय यांविषयी बोलण्याचे प्रसंग हल्ली आपण होऊन येत नाहीत. तो असा एखाद्या पोलिश राक्षसकथेच्या पाठीवर बसून आला, तरी त्याला दारातून परत पाठवू नये.